आक-तोरला आधी कोण आलं

सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेनं तोंडातून काढायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन मी पहिल्यांदा आक-तोरच्या कुरणावर गेले, घोड्यावरून उतरले आणि वर बघितलं, तर अख्खी दरी भरून बर्फ खाली आलेला. पांढरा म्हणतात, पण पांढरा नव्हताच. आतून निळा आणि कडेला म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा पिवळट. त्याच्या पोटातून आवाज येत होता, खूप आत कुणीतरी जाड लाकडाची दारं लावून घेतंय असा. माझी मान आपोआप खाली गेली. त्या दिवसापासून त्या हिमनदीचं नाव मी कधी घेतलं नाही. मी तिला म्हातारबाबा म्हणते. माझा नवरा तोलोबाय यावर हसतो. हसू दे. कुठे वाकायचं हे त्याला कधी कळलंच नाही.

आक-तोरला उन्हाळ्यापुरती दोन घरं असायची. पूर्वेच्या ओढ्याकाठी आमचं, पश्चिमेच्या ओढ्याकाठी ममतकादीर आके आणि त्यांची बायको सालामात एजे यांचं; आके म्हणजे आमच्याकडे दादा, एजे म्हणजे ताई. दोन्ही घरं नमद्याची, म्हणजे लोकर थापून केलेल्या जाड पटाची, उतरवून घोड्यावर नेता येणारी, दोन्ही घरांतली माणसं किरगीझ, बोली एक आणि शिव्याही त्याच. फरक एवढाच, की थंडी पडली की आम्ही चोंग-आलायला उतरायचो, किरगीझस्तानात, आणि ते लाख्शकडे उतरायचे, ताजिकिस्तानात. सोव्हिएत राज्यात ही शीव कागदावर होती आणि तिच्याकडे कुत्रंही बघत नव्हतं. मग एके दिवशी दोन देश झाले, आणि जिथे मेंढ्या चरायच्या तिथे लोक नकाशे घेऊन उभे राहायला लागले.

आता नकाशाची गंमत ऐका. जुन्या नकाशात शीव म्हणजे काय, तर बर्फातून निघणारा ओढा. नकाशा काढला तेव्हा म्हातारबाबा खाली तांबड्या खडकापर्यंत पाय पसरून बसलेले होते आणि त्यांच्या पायाशी ओढा एकच निघायचा. मग ते मागे सरकायला लागले. मी सून म्हणून आले तेव्हा खडक त्यांना टेकलेला होता. माझी मुलगी लग्न होऊन ओशला गेली तोवर खडकापासून त्यांच्यापर्यंत जायला घोडा लागायचा. मागे सरकता सरकता त्यांनी एका ओढ्याचे दोन केले. मग नकाशातला ओढा कोणता? पश्चिमेचा म्हटलं तर मधलं सगळं कुरण आमच्या देशाचं, पूर्वेचा म्हटलं तर त्यांच्या. आणि दोन्ही घरं त्या मधल्या कुरणावरच.

त्या उन्हाळ्यात दोन्ही सरकारांची माणसं वर येऊन याचा निकाल लावणार होती.

मला ते कुरण हवं होतं. गवतासाठी हवं होतं, हे खरंच. पण माझी मुलगी तिथे जन्मली होती, आणि माझ्या सासूनं ओढ्याकाठचा एक चपटा दगड दाखवून सांगितलं होतं, 'चूल इथे मांडायची, वारा लागत नाही.' त्या दगडाजवळ मी इतके उन्हाळे चूल मांडली होती की तो एका बाजूनं काळाकुट्ट झाला होता. तो दगड परदेशात जाणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

आमच्यात ओरुलुक म्हणून एक चाल आहे. कुरणावर नवं घर येऊन उभं राहिलं, की आधीपासून असलेल्या घरानं त्यांच्यासाठी जेवण घेऊन जायचं. नव्या माणसाची चूल अजून पेटलेली नसते, पोरं रडत असतात, जनावरं पांगलेली असतात. अशा वेळी शेजारी गरम मटण, बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे आणि कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, घेऊन येतो. आलेल्यानं ते खायचंच. नाही म्हणायची सोय नाही. किती साधी, चांगली चाल. पण आम्ही दोन घरांनी तिची पार शर्यत करून टाकली. कारण सरळ आहे. ओरुलुक नेणारा तो आधी आलेला, आणि खाणारा तो मागून आलेला. आधी आलेल्याचं कुरण, मागून आलेला पाहुणा. कागदावर काहीही असो, आक-तोरला हाच कागद होता.

म्हणून दर वसंतात खिंडीतला बर्फ वितळायच्या आधीच दोन्ही बाजूंनी आमची धडपड सुरू व्हायची. एका वर्षी ममतकादीर आके बर्फात कमरेपर्यंत रुतून, दोन कोकरं गमावून आमच्या आधी पोचले आणि ओरुलुक घेऊन आले तेव्हा त्यांची मिशी गोठलेली होती.

"खा, मिस्काल, खा," ते म्हणाले. "पाहुण्यांनी लाजू नये."

तो घास माझ्या घशाखाली कसा उतरला ते माझं मला ठाऊक.

पण त्या वर्षी, निकालाच्या वर्षी, मी पहिली आले. तोलोबाय म्हणत होता, चार दिवस थांबू, घोडी गाभण आहे. मी म्हटलं, घोडीला घेऊन तू मागून ये, मी पुढे जाते. बर्फावर नमदे अंथरत, त्यावरून मेंढ्या चालवत मी खिंड ओलांडली. आके आले तेव्हा माझा हंडा उकळत होता. मी स्वतः ताट घेऊन गेले. आके जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. सालामात एजे मात्र हसल्या.

"मीठ कमी आहे ग."

"पाहुण्यांनी नावं ठेवू नयेत, एजे."

"ठेवणार. माझी जीभ अजून माझ्याच देशात आहे."

गवत फुलावर आलं तेव्हा मोजणीवाले आले. आमच्या बाजूनं बिश्केकचा एर्मेक, त्यांच्या बाजूनं दुशान्बेचा सियोवुश. दोघंही इंजिनिअर, दोघांचीही नाकं उन्हानं सोललेली. प्रत्येकाकडे आपापलं यंत्र, आणि दोन यंत्रांची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. दिवसभर हुज्जत घालायचे आणि संध्याकाळी एकाच डब्यातला मासा पावाला लावून खायचे. मी त्यांनाही ओरुलुक नेला, आणि नेताना मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, की यंदा इथे पहिलं घर माझं. एर्मेकनं मान हलवली. सियोवुश म्हणाला, "एजे, तुमचे बोरसोक फार छान झालेत, पण ते नकाशात दाखवता येत नाहीत."

त्यांचं काम होत आलं होतं. दोन ओढ्यांपैकी ज्याला पाणी जास्त तो खरा ओढा, असं दोघांनी मिळून ठरवलं. रोज पाणी मोजायचे. पश्चिमेच्या ओढ्याला जास्त पाणी निघत होतं. एर्मेक मला हळूच म्हणाला, "काळजी करू नका. आज शेवटची मोजणी. बहुतेक तुमचंच." मी त्या दगडाजवळ जाऊन बसले आणि त्याच्यावर हात ठेवला. ऊन नुकतंच वर आलं होतं. मला इतका आनंद झाला होता की कुणाशी बोलवेना.

तेवढ्यात ममतकादीर आके घोडा दौडवत आले. घोड्याला खोगीर नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांना बिनखोगिराचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"घर उतरव," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"तुझं. माझा ओढा पहाटेपासून आटलाय. थेंब नाही. आणि तुझा बघ."

मी वळून बघितलं. आमचा ओढा गढूळ झाला होता, चहात दूध घातल्यासारखा, आणि त्यातून बर्फाचे मुठीएवढे तुकडे वाहत होते. आमच्या मेंढ्या कुणी न हाकताच चढावर गेल्या होत्या.

"म्हाताऱ्यानं श्वास धरलाय," आके म्हणाले. "माझं पाणी त्याच्या पोटात साठतंय. सुटेल तेव्हा खालच्या तोंडानं सुटेल. खालचं तोंड तुझ्या ओढ्याचं आहे."

माझ्या मनात आधी काय आलं, तेही सांगते. मला वाटलं, हा डाव आहे. मोजणीच्या दिवशी मी माझं घर माझ्या हातानं उतरवायचं, म्हणजे कुरणावर राहिलं फक्त त्यांचं. मी तोलोबायकडे बघितलं. तो घराच्या दोऱ्या सोडायला लागला होता. आणि वर म्हातारबाबा गप्प होते. इतक्या उन्हाळ्यांत पहिल्यांदा दारं लावल्याचा आवाज थांबला होता. ती शांतता ऐकली आणि मला आकेंवर विश्वास ठेवायला दुसरं काही लागलं नाही.

मग सगळ्यांनी मिळून घर उतरवलं. सालामात एजे धावत आल्या. एर्मेक आणि सियोवुशही आले. त्यांना गाठी सोडता येईनात, तेव्हा एजेंनी त्यांना बाजूला सारून ओझी उचलायला लावलं. नमदे निघाले, जाळीच्या भिंती मिटल्या, छताचं गोल चक्र आकेंनी डोक्यावर घेतलं. लग्नात माहेरहून आलेली पेटी चौघांनी उचलली. माझा चपटा दगड कुणाला उचलता येण्यासारखा नव्हता. मी एकदा वाकून त्याला हात लावला आणि चढावर पळाले.

आम्ही वर पोचलो, वळलो, आणि ते सुटलं.

कसं सांगू? आधी आवाज आला नाहीच. आधी जमीन हलली, पायाखालचं गवत थरथरलं. मग म्हातारबाबांच्या कपाळावर एक काळी रेघ उमटली, ती रुंद झाली, आणि घराएवढा, नव्हे, अख्ख्या गावाएवढा बर्फाचा भाग हळूच पुढे झुकला. किती हळू पडला तो. डोळ्यांना पटेना की इतकं मोठं काही इतक्या सावकाश पडू शकतं. त्याच्या मागून पाणी निघालं, आणि ते पाण्यासारखं दिसत नव्हतं. उभी भिंत होती, करडी, तिच्यात दगड उड्या मारत होते, निळ्या बर्फाचे कडे उलटेपालटे होत होते, आणि एवढ्या उन्हात त्या सगळ्यावर धुकं उठलं होतं. मग आवाज आला. तो कानांनी ऐकला नाही. छातीत ऐकला.

तांबडा खडक, ज्याला सगळ्या दरीची माणसं खूण मानायची, तो जागचा हलला, एकदा कुशीवर वळला आणि दिसेनासा झाला.

सियोवुशनं यंत्र जमिनीवर ठेवलं आणि गुडघ्यांवर बसला. एर्मेक तोंड उघडं टाकून उभा होता. आकेंनी टोपी काढून हातात धरली होती. मी रडत होते, पण भीतीनं नाही. मला सारखं वाटत होतं, की आपण एवढे दिवस यांच्या पायाशी कशावरून भांडत होतो, आणि हे किती मोठे आहेत, आणि यांनी आपल्याला उठायला वेळ दिला. कुणी हसलं तरी हसो. मी म्हातारबाबांना खाली वाकून सलाम केला. या वेळी तोलोबायही वाकला.

पाणी ओसरलं तेव्हा माझ्या जागेवर ओल्या दगडांचं मैदान होतं. चूल नाही, चपटा दगड नाही, ओढ्याचा काठ नाही. पूर्वेला आता एकच मोठा प्रवाह धावत होता, पांढरा, घोडाही उतरणार नाही असा. पश्चिमेचा ओढा कोरडा ठणठणीत पडला होता.

संध्याकाळी उन्हं कलली तेव्हा एर्मेक माझ्याजवळ आला. त्याला बोलायला जड जात होतं.

"एजे, आता ओढा एकच राहिला. पूर्वेचा. नकाशात आहे तसाच, बर्फातून निघणारा एकच ओढा. रेघ तिथूनच जाणार."

"म्हणजे कुरण गेलं?"

"हो. परवान्याचा कागद काढून उन्हाळ्यात जनावरं आणता येतील, तशी सोय आहे. पण जमीन त्यांची."

 ज्यांना मी आयुष्यभर वाकले, त्यांनीच रेघ मारली होती. त्यांच्याशी कसं भांडायचं? आकेंच्या घरापासून थोड्या अंतरावर, उंचवट्यावर आम्ही घर पुन्हा उभं केलं. दुसरी सपाट जागाच नव्हती. नमदे ओले झाले होते, चूल पेटत नव्हती, मेंढ्या पांगल्या होत्या. थोडक्यात, कुरणावर नवं आलेलं घर कसं असतं तसंच आमचं घर होतं.

आणि तेवढ्यात सालामात एजे दारात उभ्या राहिल्या. हातात झाकलेलं ताट, त्यातून वाफ निघत होती.

"ओरुलुक," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना टोमणा होता ना थट्टा.

तोलोबायनं हात पुढे केला. मी त्याचा हात धरला.

"आम्ही इथे नवीन नाही, एजे."

"मिस्काल, दिवसभर पोटात काही नाही तुझ्या. खाऊन घे ग."

"खाल्लं तर मी इथली पाहुणी झाले. यंदा पहिली मी आले होते. तुम्ही माझ्या हातचं खाल्लंय."

"खाल्लंय की. मीठ कमी होतं."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी नाही हसले. मी म्हटलं, "घेऊन जा, एजे." ओरुलुक परत पाठवल्याचं मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. आमच्याकडे लोक मुलीचं मागणं परत पाठवतात, रागानं आहेर परत पाठवतात, पण ओरुलुक नाही. एजे मग ताटावरचं फडकं नीट करून गेल्या. तोलोबाय रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपला, आणि त्याचं बरोबर होतं.

सकाळी मी दूध काढायला बाहेर आले, तर ममतकादीर आके आपलं घर उतरवत होते.

 नमदे निघालेले, भिंती मिटलेल्या. एजे गाठोडी बांधत होत्या. मला वाटलं, माझ्या शेजारी राहायचं नाही म्हणून चालले. ज्यांनी माझं घर वाचवलं त्यांचं ताट मी परत पाठवलं, आता ते उन्हाळ्याच्या मध्यावर आपली जागा सोडून चालले. तोलोबायनं बाहेर येऊन ते बघितलं आणि मला एवढंच म्हणाला, "झालं समाधान?"

आकेंनी सगळं घर दोन घोड्यांवर लादलं. छताचं चक्र वर बांधलं. मेंढ्या पुढे घातल्या. आणि निघाले, खाली लाख्शच्या वाटेला नाही, तर उंचवट्याला वळसा घालून मागच्या बाजूला. हाक मारायची मला लाज वाटत होती. एर्मेक आणि सियोवुशही आपल्या तंबूबाहेर येऊन बघत राहिले.

थोड्या वेळानं ते उंचवट्याच्या दुसऱ्या बाजूनं परत आले. आमच्या घराच्या खाली, हाकेच्या अंतरावर थांबले. घोड्यांवरची ओझी उतरवली. जाळीच्या भिंती उभ्या केल्या, चक्र चढवलं, नमदे ओढले. पण चूल पेटवली नाही. एजे न सोडलेल्या गाठोड्यावर बसून राहिल्या. आके घराच्या दारात उभे राहिले, आमच्याकडे तोंड करून, परगावाहून आलेल्या माणसासारखे.

"सलाम," ते ओरडून म्हणाले. "आम्ही आत्ताच आलोय. इथे कुणाचं घर आहे का?"

मला कळायला एक श्वास लागला. मग मी धारेची बादली तिथेच ठेवली.

"आहे," मी ओरडले. "मिस्कालचं."

"मग बरंच झालं. वाटेत बर्फ फार होता. भूक लागलीय."

ऐन उन्हाळ्यात, डोक्यावर ऊन तापलेलं असताना, बर्फ. सियोवुश तोंडावर हात ठेवून हसायला लागला. मी मात्र हसू शकले नाही, कारण मी आधीच रडत होते. मी हंडा चढवला. तोलोबायनं मेंढी कापली, मला न विचारता, आणि चांगली जाडजूड निवडली. मी बोरसोक तळले. मी मीठ घातलं, चाखलं, आणि अजून थोडं घातलं.

ताट घेऊन मी खाली गेले तेव्हा एजेंनी गाठोड्यातून कालचं ताट काढलं. तेच फडकं, तीच गाठ. मटण गार झालं होतं, चरबी गोठली होती.  मी त्यातला तुकडा उचलून आधी खाल्ला. मग त्यांनी माझ्या ताटातला खाल्ला. एर्मेक आणि सियोवुश आपापले पाव घेऊन आले आणि न बोलावताच बसले. रेघेबद्दल कुणी काही बोललं नाही. वर म्हातारबाबांच्या पोटात पुन्हा एक दार लागलं, खूप आत, आणि सगळ्यांनी तो आवाज ऐकून खाणं थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं.

"पुढच्या वर्षी कागद काढून यावं लागेल," मी म्हटलं. "वेळ लागेल आम्हाला."

"लागू दे," आके म्हणाले. "मीही उशिराच येईन. माझे गुडघे दुखतात हल्ली."

ज्यांनी कालच बिनखोगिराचा घोडा दौडवला होता आणि आज अख्खं घर उतरवून पुन्हा उभं केलं होतं, त्या माणसाचे गुडघे. एजेंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी त्यांच्या वाटीत आणखी कुमीस ओतला.